झोप, स्वप्ने आणि जाणिवेच्या बदललेल्या अवस्था : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीच्या पहिल्या वर्षाला सामान्य मानसशास्त्र शिकवताना झोपेचे प्रकरण सुरू झाले की वर्गातले मागचे बाकसुद्धा बोलू लागतात. खालील प्रश्न सोलापुरातील विद्यार्थ्यांनी, त्यांच्या पालकांनी आणि पूर्व भागातील यंत्रमाग कामगारांच्या घरच्यांनी गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत, आणि प्रश्नांची भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ही माहिती अभ्यासासाठी आहे. जेथे डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे तेथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

१. मॅडम, झोपेत तर आपल्याला काहीच कळत नाही. मग पुस्तकात झोपेला ‘जाणिवेची अवस्था’ का म्हटले आहे?

जाणीव, किंवा पाठ्यपुस्तकांच्या भाषेत बोधावस्था, म्हणजे स्वतःचे आणि भोवतालचे भान. कंदिलाची वात कमी-जास्त करावी तसे हे भान कमी-जास्त होते आणि झोपेतही ते पूर्ण विझत नाही. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, आणि पुष्कळदा ते अवेळी येते. ज्या घरात पाणी भरण्याचे काम आईकडे असते तेथे एक गोष्ट हमखास पाहायला मिळते. गल्लीतून वरातीचा बँड गेला तरी ती कूससुद्धा बदलत नाही, पण पाणी येण्याआधी तोटीतून हवेचा बारीक फुसफुस आवाज निघाला की ती उठून बसते. बँडचा आवाज कितीतरी मोठा असतो. याचा अर्थ असा की झोपलेला मेंदू आवाज ऐकतो, त्यांची निवड करतो आणि कोणत्या आवाजाला उठायचे हे ठरवतो. १९६० मध्ये इयन ओस्वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांना नावांची यादी ऐकवली, तेव्हा स्वतःचे नाव आल्यावर मेंदूच्या लहरींमध्ये इतर नावांपेक्षा ठळक प्रतिसाद उमटला. म्हणून मानसशास्त्र झोपेकडे मेंदूच्या वेगळ्या प्रकारच्या कामाचा काळ म्हणून पाहते.

२. झोपेचे टप्पे चार की पाच? एका पुस्तकात एक आणि दुसऱ्यात दुसरे लिहिले आहे. परीक्षेत काय लिहायचे?

दोन्ही पुस्तके आपापल्या काळात बरोबर आहेत. १९६८ मध्ये ॲलन रेख्टशाफेन आणि अँथनी केल्स यांनी ठरवलेल्या पद्धतीत रेम झोप (बंद डोळ्यांच्या शीघ्र हालचालींची झोप, प्रश्न ३ पाहा) सोडून चार टप्पे आणि पाचवी रेम झोप अशी मांडणी होती. २००७ मध्ये अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने तिसरा आणि चौथा टप्पा एकत्र केला, त्यामुळे आता एन-१, एन-२, एन-३ आणि रेम असे चारच मोजले जातात. उत्तरात आपण कोणती पद्धत वापरत आहोत हे एका वाक्यात नोंदवावे, म्हणजे गोंधळ राहत नाही.

एन-१ ही काही मिनिटांची डुलकी असते; पायरी चुकल्यासारखे वाटून आपण दचकतो ते याच वेळी. एन-२ मध्ये प्रौढ माणसाची जवळजवळ निम्मी रात्र जाते. या टप्प्यात ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींच्या, आलेखावर मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते असे लहरींचे छोटे झुपके दिसतात, त्यांना ‘स्लीप स्पिंडल’ म्हणतात. स्पिंडल म्हणजे सूतगिरणीतली चाती. सूत भरलेली चाती ज्यांनी घरी किंवा गिरणीत पाहिली आहे त्यांना हा आकार वेगळा समजावून सांगावा लागत नाही, आणि सोलापूरच्या वर्गात असे विद्यार्थी नेहमीच असतात. एन-३ ही गाढ झोप. तिच्यात मोठ्या, संथ डेल्टा लहरी असतात आणि माणसाला उठवणे सर्वांत अवघड जाते. त्यानंतर मेंदू पुन्हा हलक्या टप्प्यांकडे येतो आणि रेम झोप सुरू होते. असे एक चक्र साधारण ९० मिनिटांचे असते आणि रात्रीतून चार ते सहा वेळा फिरते. मात्र चक्रे एकसारखी नसतात : एन-३ रात्रीच्या पूर्वार्धात जास्त असते आणि रेम उत्तररात्री लांबत जाते. पुढच्या अनेक उत्तरांचा आधार हाच आहे, म्हणून एवढे तरी पाठ असावे.

३. रेम झोपेत एवढे वेगळे काय असते?

१९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन ॲझेरिन्स्की आणि नेथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतील शीघ्र नेत्रहालचालींची नोंद प्रसिद्ध केली. ॲझेरिन्स्की यांनी सुरुवातीच्या नोंदी आपल्या आठ वर्षांच्या मुलावर घेतल्या होत्या. बंद पापण्यांखाली बुबुळे झपझप हलत होती आणि मेंदूच्या लहरी जवळजवळ जागेपणासारख्या दिसत होत्या. त्याच वेळी हातापायांचे स्नायू मात्र पूर्ण शिथिल असतात, कारण मेंदूच्या खोडाकडून त्यांची हालचाल रोखली जाते. मेंदू जागा आणि शरीर बांधलेले, अशा या विसंगतीमुळे तिला ‘विरोधाभासी झोप’ असेही नाव पडले. ठळक, गोष्टीसारखी स्वप्ने बहुतेक याच झोपेत पडतात. शरीराचे हे बांधलेपण वेळेवर सुटले नाही तर काय होते ते प्रश्न १३ मध्ये, आणि ते लागलेच नाही तर काय होते ते प्रश्न १५ मध्ये सांगितले आहे.

४. झोपेची वेळ झाली हे शरीराला कळते कसे?

दोन गोष्टी मिळून ते ठरवतात. १९८२ मध्ये ॲलेक्झांडर बोर्बेली यांनी त्यांची मांडणी केली. पहिली म्हणजे झोपेचे साचत जाणारे ओझे. आपण जितका वेळ जागे असतो तितके मेंदूत ॲडेनोसिन हे द्रव्य वाढत जाते आणि डोळे जड होतात. चहा-कॉफीतील कॅफिन हे ॲडेनोसिनची जागा अडवते, म्हणून तरतरी येते. पण साठलेले ॲडेनोसिन तसेच राहते आणि कॅफिन उतरले की थकवा एकदम जाणवतो. शरीरातील कॅफिन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे सायंकाळी सातचा कडक चहा मध्यरात्रीही अर्धा शिल्लक असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे जैविक घड्याळ. ते मेंदूतील हायपोथॅलॅमसमधल्या एका लहानशा केंद्रात असते आणि डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर रोज लावले जाते. अंधार पडला की त्याच्या इशाऱ्याने पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन स्रवू लागते. १९६२ मध्ये फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ मिशेल सिफ्र दोन महिने घड्याळाविना एका गुहेत राहिले, तरी त्यांचे झोपणे-उठणे चोवीस तासांहून किंचित मोठ्या दिवसाप्रमाणे चालू राहिले. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते हे उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

५. रोज किती तास झोप पुरेशी?

प्रौढांना सात ते नऊ तास, किशोरवयीन मुलांना आठ ते दहा, पासष्टीनंतर सात ते आठ, आणि नवजात बाळाला चौदा ते सतरा. बाळाची जवळजवळ निम्मी झोप रेम असते, प्रौढांची वीस ते पंचवीस टक्के. अकरावी-बारावीतला मुलगा रात्री उशिरापर्यंत जागतो आणि सकाळी उठत नाही, ही तक्रार घराघरांतून येते. त्याला आळशी ठरवण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे, की या वयात मेलाटोनिन स्रवण्याची वेळच पुढे सरकते. मोबाइलचा उजेड ती आणखी पुढे ढकलतो, हेही तितकेच खरे आहे.

६. आमचे वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात. दिवसा आठ तास अंथरुणात असतात, तरी डोळे लाल आणि चिडचिड. असे का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आला आहे आणि त्याचे उत्तर घरातील सर्वांनी वाचावे असे मला मनापासून वाटते. रात्रपाळीच्या माणसाचे झोपेचे ओझे पहाटेपर्यंत भरपूर साचलेले असते, पण त्याचे जैविक घड्याळ सकाळी ‘जागे हो’ असा हुकूम देत असते (दोन्हींसाठी प्रश्न ४ पाहा). पाळी सुटल्यावर तो सायकलवरून उगवत्या उन्हात घरी येतो, आणि तो उजेड घड्याळाला आणखी जागे करतो. त्यात पत्र्याची खोली, शेजारचे माग, दारात मुले. म्हणून अंथरुणात आठ तास जातात, पण प्रत्यक्ष झोप पाच-सहा तासांची आणि तुटक होते.

अनेक कारखान्यांत पाळी बारा तासांची असते आणि ती बदलणे कामगाराच्या हाती नसते, हे मला माहीत आहे. तरी काही गोष्टी घरी करता येतात. घरी येताना डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर काळा चष्मा असावा. खिडकीला जाड चादर बांधून खोलीत खरा अंधार करावा. सोलापुरी चादरीइतके चांगले पडदे यासाठी विकतही मिळणार नाहीत. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागातच घ्यावा. घरच्यांनी त्यांची झोप ही रात्रीची झोप समजावी, म्हणजे बिल भरायला किंवा पाहुण्यांना भेटायला मधेच उठवू नये. पाळ्या बदलत्या असतील तर सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा क्रम उलट्या क्रमापेक्षा सोसतो, कारण शरीराचा दिवस चोवीस तासांहून थोडा मोठा असतो आणि झोप लवकर आणण्यापेक्षा ती लांबवणे त्याला सोपे जाते. पेंगत्या डोळ्यांनी मागाजवळ उभे राहणे धोक्याचे आहे. दहा-पंधरा मिनिटांची डुलकी मिळत असेल तर ती कामचुकारपणा समजू नये.

७. एप्रिल-मेमध्ये रात्रभर तळमळ होते. उकाड्याचा आणि झोपेचा नेमका संबंध काय?

झोप लागण्यासाठी शरीराच्या आतले तापमान थोडे उतरावे लागते; रात्रीतून ते साधारण एक अंशाने खाली येते. ही उष्णता तळहात, तळपाय आणि त्वचेतून बाहेर जाते. आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या वर गेला की सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खोलीत सोडतो, त्यामुळे शरीराला उष्णता टाकायला जागाच उरत नाही. एन-३ आणि रेम दोन्ही घटतात. जुनी माणसे माळवदावर अंथरूण टाकत आणि पहाटेच्या गारव्यासाठी चादर पायथ्याशी ठेवत, त्यामागे नेमके हेच शास्त्र होते. झोपण्याआधी तास-दीड तास कोमट पाण्याने अंघोळ केल्यास त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीर लवकर निवते. कूलर बंद खोलीत लावला तर नुसता दमटपणा वाढतो. समोरची खिडकी उघडी हवी.

८. दुपारची झोप वाईट असते का?

नाही. दुपारी एक ते तीनच्या सुमारास सतर्कता नैसर्गिकपणे उतरते, आणि हे केवळ जेवणामुळे होत नाही. वीस मिनिटांची डुलकी उपयोगी पडते. तास-दीड तास झोपल्यास एन-३ मधून उठावे लागून डोके जड होऊ शकते. ज्यांना रात्री झोप लागत नाही त्यांनी मात्र दुपारी झोपणे टाळावे.

९. उद्या पेपर आहे. रात्रभर जागून वाचू की झोपू?

झोपावे. दिवसभर वाचलेले आधी तात्पुरत्या स्वरूपात नोंदले जाते आणि झोपेत, विशेषतः एन-३ मध्ये, ते टिकाऊ स्मृतीत बसवले जाते. रात्र जागून काढली तर वाचलेले पक्के होत नाही, आणि सकाळी नवीन गोष्ट ग्रहण करण्याची व लक्ष टिकवण्याची शक्तीही घटलेली असते. शेवटचे एक प्रकरण राहिले असेल तर ते सोडून सहा तास झोपणारा विद्यार्थी, माझ्या अनुभवात, आधीच्या चार प्रकरणांवर नीट लिहून येतो.

१०. माणूस जास्तीत जास्त किती दिवस जागू शकतो? आम्ही कोजागरीला तुळजापूरला चालत जातो, तेव्हा पहाटे विचित्र भास होतात.

नोंदवलेले प्रसिद्ध उदाहरण रँडी गार्डनर या सतरा वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याचे आहे. डिसेंबर १९६३ च्या अखेरीपासून जानेवारी १९६४ पर्यंत तो २६४ तास, म्हणजे अकरा दिवस जागा राहिला. त्या काळात त्याला चिडचिड, विस्मरण आणि भास झाले. हा प्रयोग कोणीही करून पाहू नये.

सोलापूर-तुळजापूर ही वाट रात्रभर चालताना पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचे तापमान आणि सतर्कता दोन्ही सर्वांत खाली असतात. त्या वेळी काही सेकंदांची ‘सूक्ष्म झोप’ लागते, म्हणजे पाय चालत असतात, डोळेही उघडे असू शकतात, आणि मेंदू क्षणभर झोपलेला असतो. रस्त्याकडेचे झाड माणसासारखे दिसणे किंवा कोणी हाक मारल्याचे ऐकू येणे हे झोपेच्या उंबरठ्यावरचे भास आहेत. चालताना त्यांचा धोका कमी असतो. मोटारसायकलवर मात्र ते जिवावर बेतू शकतात. परतताना आधी झोपावे आणि मगच गाडीला किल्ली लावावी.

११. मला स्वप्ने पडतच नाहीत. काही बिघाड आहे का?

बिघाड नाही. प्रयोगशाळेत रेम झोपेतून उठवले तर बहुतेक माणसे नुकतेच पाहिलेले स्वप्न सांगतात, आणि स्वतःला स्वप्नहीन समजणारेही पुष्कळदा सांगू शकतात. आपल्याला स्वप्न आठवत नाही एवढेच. रेम झोपेच्या मधे किंवा लगेच नंतर जाग आली तरच ते हाती लागते, नाहीतर काही मिनिटांत विरते. जन्मांध व्यक्तींनाही स्वप्ने पडतात. त्यांत आवाज, स्पर्श आणि गंध असतात.

१२. पहाटेचे स्वप्न खरे होते म्हणतात. आणि स्वप्नांचा अर्थ खरेच लावता येतो का?

पहाटेच्या स्वप्नाला एवढा मान का मिळाला हे झोपेच्या रचनेवरून कळते. प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे उत्तररात्री रेम झोप सर्वांत लांब असते. त्यामुळे पहाटेची स्वप्ने लांब व ठळक असतात आणि जाग जवळ असल्यामुळे ती लक्षातही राहतात. शेकडो स्वप्नांपैकी एखादे प्रत्यक्षाशी जुळले की ते आयुष्यभर सांगितले जाते, न जुळलेली कोणी मोजत नाही. भविष्य कळण्याचा पुरावा यातून मिळत नाही.

अर्थाविषयी मानसशास्त्रात एकमत नाही. फ्रॉइड यांनी स्वप्नाचा दिसणारा तो व्यक्त आशय आणि त्यामागे दडलेली इच्छा तो सुप्त आशय असा भेद केला. परीक्षेसाठी तो आवश्यक आहे, पण त्याची पडताळणी करण्याचा मार्ग नाही ही त्याची मोठी अडचण आहे. १९७७ मध्ये ॲलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी असे मांडले, की रेम झोपेत मेंदूच्या खोडातून उठणाऱ्या संकेतांना मेंदू जमेल तशी गोष्टीची जोड देतो, तेच स्वप्न. कॅल्विन हॉल यांनी हजारो स्वप्ने गोळा करून दाखवले की त्यांत बहुतांशी आपलीच माणसे आणि आपल्याच काळज्या असतात. मला हॉल यांची बाजू सर्वांत जवळची वाटते. वडील गेल्यावर वर्षभर ते स्वप्नात येऊन नुसते खुर्चीवर बसतात, असे सांगणाऱ्या विद्यार्थिनीला चिन्हांचा कोश लागत नाही. तिचे मन अजून त्यांच्याबरोबर आहे, आणि शोक असाच हळूहळू ओसरतो, एवढे तिला सांगावे.

१३. रात्री जाग येते पण हलता येत नाही, ओरडता येत नाही, आणि छातीवर कोणीतरी बसल्यासारखे वाटते. घरचे बाहेरची बाधा म्हणतात. हे काय आहे?

याला स्लीप पॅरालिसिस, म्हणजे निद्रा-पक्षाघात म्हणतात. पक्षाघात या शब्दाने घाबरू नये. हे क्षणिक असते. रेम झोपेत स्नायू बांधलेले असतात (प्रश्न ३). कधी कधी मेंदूला जाग येते आणि बांधलेपण काही सेकंद ते एक-दोन मिनिटे तसेच राहते. त्याच वेळी स्वप्नाची दृश्ये अजून चालू असतात, म्हणून उघड्या डोळ्यांना खोलीत सावली दिसते. रेममध्ये श्वास मुख्यतः पोट-छातीमधल्या पडद्याने चालतो आणि छातीचे स्नायू साथ देत नाहीत. खोल श्वास घेऊ पाहणाऱ्या घाबरलेल्या माणसाला ते छातीवरचे ओझे वाटते. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा सुमारे ८ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आल्याचे दिसले. विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २८ टक्के होते, म्हणजे साठ जणांच्या वर्गात सोळा-सतरा. प्रत्येक जण आपण एकटेच आहोत असे समजून गप्प असतो, आणि वर्गात हे आकडे सांगितल्यावर जी शांतता पसरते तिच्यात सुटकेचा भाग मोठा असतो.

अपुरी झोप, अनियमित वेळ, ताण आणि उताणे झोपणे यांमुळे ते वाढते. त्या क्षणी पूर्ण शरीर हलवण्याची धडपड न करता एका बोटाचे टोक किंवा जीभ हलवण्याचा प्रयत्न करावा आणि श्वास संथ ठेवावा. वारंवार होत असेल, आणि त्याबरोबर दिवसा आवरता न येणारी झोप किंवा हसताना अचानक गुडघ्यातले बळ जाणे असेही होत असेल, तर ती नार्कोलेप्सीची लक्षणे असू शकतात, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

१४. मुलगा झोपल्यावर तासाभराने किंचाळत उठतो, आम्हाला ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. त्याला कशाची तरी भीती बसली आहे का?

हे भीतिदायक स्वप्न नसून ‘निशाभीती’ आहे. दोन्हींतला फरक वेळेवरून ओळखावा. निशाभीती रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात, एन-३ मधून अर्धवट जाग येताना होते आणि आठवत नाही. वाईट स्वप्न उत्तररात्री रेममध्ये पडते, मूल पूर्ण जागे होते आणि ते सांगू शकते. झोपेत चालणेही एन-३ मधलेच आहे. अशा मुलाला गदागदा हलवू नये, दृष्ट काढण्यासाठी उठवून बसवू नये. जवळ राहावे, त्याला लागणार नाही असे पाहावे आणि हळूच परत अंथरुणाकडे न्यावे. उठवल्याने त्याच्या जिवाला धोका होतो ही समजूत खरी नाही, तो फक्त अधिक गोंधळतो. वाढत्या वयाबरोबर हे बहुधा थांबते.

१५. पण आमचे सासरे साठीचे आहेत आणि पहाटे झोपेत बुक्क्या मारतात, नंतर ‘चोराशी झटत होतो’ असे सांगतात. तेही हेच का?

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. वेळ पहाटेची आहे आणि स्वप्न आठवते, म्हणजे हे रेममधले आहे. त्यांचे स्नायू बांधलेच जात नाहीत, म्हणून ते स्वप्न प्रत्यक्ष करतात. १९८६ मध्ये कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी या रेम वर्तन-विकाराचे वर्णन केले. उतारवयात तो पार्किन्सन आजाराची कित्येक वर्षे आधी मिळणारी सूचना असू शकतो. मेंदूविकारतज्ज्ञांना अवश्य दाखवावे, आणि तोवर पलंगाजवळील काच व टोकदार वस्तू हलवाव्यात.

१६. जो घोरतो तो गाढ झोपतो, बरोबर ना?

चूक. मोठ्याने घोरता घोरता मधेच शांतता आणि मग घुसमटून श्वास, असे होत असेल तर ते स्लीप ॲप्नियाचे लक्षण आहे. घशाचा मार्ग मिटतो, दहा सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास थांबतो आणि मेंदूला दर वेळी अर्धवट जागे व्हावे लागते. झोपेची तपासणी करून उपचार होतात, त्यांत दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र प्रमुख आहे.

१७. संमोहन म्हणजे झोपच का? माझ्याकडून काहीही वदवून घेता येईल का?

जेम्स ब्रेड यांनी १८४३ मध्ये रूढ केलेले इंग्रजी नाव ग्रीक निद्रादेवतेवरून आले, म्हणून हा गैरसमज टिकला. संमोहित व्यक्तीच्या मेंदूलहरी जागेपणाच्याच असतात. एकाग्रता वाढलेली आणि सूचना स्वीकारण्याची तयारी जास्त, एवढेच. ही तयारी प्रत्येकात कमी-अधिक असते आणि ती मोजण्याच्या श्रेण्या आहेत. वेदनाशमनात संमोहनाचा खरा उपयोग होतो : १८४५ मध्ये बंगालमध्ये हुगळी येथे जेम्स एस्डेल यांनी त्याच्या पूर्वरूपाचा वापर करून शस्त्रक्रिया केल्या होत्या. पण इच्छेविरुद्ध माणूस कळसूत्री बाहुली होत नाही, आणि संमोहनात ‘आठवलेल्या’ गोष्टी हमखास खऱ्या नसतात. खोट्या आठवणी तयार होण्याची शक्यता उलट वाढते.

१८. नवरात्रात आमच्या काकूंच्या अंगात येते. मानसशास्त्र याला ढोंग म्हणते की आजार?

सरसकट दोन्हींपैकी काहीही म्हणत नाही. उपवास, जागरण, संबळाचा एकसुरी ठेका, धूप, गर्दीची अपेक्षा आणि लहानपणापासून पाहिलेले वागणे या सर्वांनी जाणिवेची वेगळी अवस्था खरोखर निर्माण होऊ शकते. तिच्यात ‘मी’पणाचे भान मागे पडते आणि नंतर आठवण अर्धवट राहते. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत अशा अवस्थेचा विकार नोंदलेला आहे, पण समाजाने स्वीकारलेल्या धार्मिक विधीचा जो भाग असतो त्याला विकार गणू नये असेही तेथे म्हटले आहे. विधीबाहेर, नको असताना, पुन्हा पुन्हा घडत असेल आणि त्यातून त्रास होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. पुष्कळदा अशा बाईला एरवी घरात बोलायला जागा नसते. तिचे ऐकून घेणे हा उपचाराचा भाग आहे. अंगात आल्याचे भासवून लोकांना धमकावणे किंवा लुबाडणे हा मात्र महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

१९. आजोबा म्हणतात की जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीया हे सर्व उपनिषदांत आधीच आहे. मग एन-३ म्हणजे सुषुप्ती का?

सुषुप्ती म्हणजे स्वप्नरहित गाढ झोप, आणि तुरीया म्हणजे पहिल्या तिन्हींपलीकडची चौथी अवस्था. एन-३ आणि सुषुप्ती यांत जवळीक आहे, पण समीकरण करू नये. उपनिषदांतील विचार आतून घेतलेल्या अनुभवाचा आहे, एन-३ ही बाहेरून मोजलेल्या लहरींची व्याख्या आहे. पतंजलींनी निद्रेला चित्ताच्या पाच वृत्तींत गणले, म्हणजे झोपेतही चित्ताचे काही चालू असते हे त्यांनीही मानले, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ध्यान ही जागेपणातली अवस्था आहे. त्यात आल्फा आणि थीटा लहरी वाढलेल्या आढळतात. ध्यान झोपेची जागा घेऊ शकत नाही.

२०. थोडी घेतल्यावर झोप छान लागते. मग दारू हे झोपेचे औषध का नाही?

झोप लवकर लागते, पण पूर्वार्धात रेम दबली जाते आणि दारू उतरल्यावर उत्तररात्री झोप तुटत राहते. सवयीने मात्रा वाढत जाते. तंबाखू, बिडी आणि मशेरी यांतील निकोटिन उत्तेजक आहे, म्हणून झोपताना मशेरी लावणे झोपेला मारकच ठरते. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्यांच्या आग्रहाखातर एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे : झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. बोलण्यासाठी टेली-मानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

२१. कधी कधी स्वप्नातच कळते की हे स्वप्न आहे. तेव्हा मी जागा असतो की झोपलेला?

झोपलेलाच. याला सुबोध स्वप्न म्हणता येईल. बराच काळ तज्ज्ञ यावर विश्वास ठेवत नव्हते, कारण स्वप्न पाहणाऱ्याने बाहेर निरोप पाठवायचा कसा, हा प्रश्न होता. रेममध्ये सारे शरीर बांधलेले असले तरी डोळे मोकळे असतात, हेच उत्तर ठरले. १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी, आणि पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी, आधी ठरवून घेतलेल्या डावी-उजवी अशा नेत्रखुणा रेम झोपेत नोंदवून दाखवल्या. २०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधील प्रयोगशाळांनी एक पाऊल पुढे टाकले. रेम झोपेत असलेल्या एका तरुणाला आठातून सहा गेले तर किती, असे विचारण्यात आले. यंत्रावर झोप चालूच होती, आणि त्याचे डोळे बंद पापण्यांआड डावीकडून उजवीकडे दोन वेळा फिरले.